उपस्थिती समाधानकारक

चपला त्यानं काठीला अडकवून आत आणल्या.

छताची जाळी काढायची लांब काठी होती ती, एका टोकाला चिंध्या बांधलेली. दुसऱ्या टोकाला माझ्या दोन्ही चपला, पट्ट्यांतून काठी घातलेली. वाचनकक्षात तीस-चाळीस जणं माना खाली घालून बसलेली. शिपाई मधल्या वाटेत उभा राहिला आणि काठी हातभर वर केली.

“या कुणाच्या? पार मेन दाराशी काढून ठेवल्यात. देऊळ आहे का हे?”

माना वर झाल्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. टायरच्या तळाच्या चपला, परंड्याच्या बाजारातल्या, डाव्या अंगठ्याला खिळा मारलेला. काठीला लोंबकळत हळूहळू फिरत होत्या. आयनं घेऊन दिलेल्या. तिच्या स्वतःच्या पायात तेव्हा काहीच नव्हतं.

त्या दालनात अनवाणी माणूस एकच होतं. मी. एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला. त्यानं काय झाकणार? शिपायानं माझ्या पायांकडं बघितलं.

“तुझ्या का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “माझ्या नाहीत.”

हे मी म्हणाले. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. तीस-चाळीस माणसांना दिसत होतं की ही पोरगी खोटं बोलतीय, आणि तरी मी मान ताठ ठेवून खोटं बोलले. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि शिपायाला म्हणाल्या, “मग टाक मागं नेऊन. कचरा आत कशाला आणलास?” तो काठी तशीच धरून मागच्या दारानं गेला. माना पुन्हा पुस्तकांत गेल्या.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, तिथं तसं असेल, आमच्याकडं नाही. जुनं होतं, दगडी होतं, दाराला भली मोठी कमान होती, एवढं पुरे. परंड्याहून एसटीनं कुर्डुवाडी, तिथून रेल्वे, अशी मी तिथं पोचलेली. एम.ए.चं पहिलं वर्ष, विषय इतिहास. आमच्या वाड्यातली मॅट्रिकच्या पुढं गेलेली पहिली पोरगी. म्हणजे परत गेले असते तर सगळ्या वाड्याला कळलं असतं, आणि गावाला त्याच्या आधी.

ग्रंथालयाचं कार्ड मिळाल्याशिवाय पुस्तक खोलीवर नेता येत नव्हतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. कार्ड नाही तर अभ्यास नाही, अभ्यास नाही तर एम.ए. नाही, इतकं सरळ होतं. आणि कार्डासाठी नव्या पोरांना एक पत्रक द्यायचे. वर लिहिलेलं, ‘आपले ग्रंथालय आपणच पाहा’. भिंतींवर बाण रंगवलेले, ठिकठिकाणी आकड्यांच्या पाट्या, एक ते नऊ. प्रत्येक पाटीपाशी थांबायचं, बघायचं, पत्रकातल्या एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं. नववी पाटी काउंटरची. तिथं भरलेलं पत्रक द्यायचं आणि कार्ड घ्यायचं. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘सोबत कुणीही असणार नाही. मोकळेपणाने फिरा.’

ती ओळ वाचली आणि मला संशय आला. मोकळेपणानं फिर असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. इकडून जाऊ नको, त्याला शिवू नको, लांबून बोल, हे ऐकत वाढलेली मी. आता एकदम फिर म्हणतात, वर बाण काढून वाट दाखवतात, म्हणजे पुढं काहीतरी मांडून ठेवलेलं असणार. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकसुद्धा फुंकून पितं. आय म्हणायची, “गोड बोलणाराचं तोंड बघू न्हाय. हात बघावं. हातात काय हाय ते बघावं.”

म्हणून मी बाई पत्रक देताना त्यांचे हात बघितले होते. हातात लाल पेन्सिल होती.

आता चपला का काढल्या, ते. माणसं विचारतात, एवढी शिकलेली तू, तुला कळलं नाही का की सगळे बूट-चपला घालून आत चाललेत? कळलं असतं, बघितलं असतं तर. मी कमानीकडं बघत होते. पाय पायांचं काम करून मोकळे झाले. ग्रंथालयाचं दार आलं की चपला काढायच्या, हे त्यांना माहीत होतं. कारण बी.ए. मी बाहेरून परीक्षा देऊन केलेलं, याआधी ग्रंथालय एकच बघितलेलं होतं आणि तिथल्या दारात ते शिकलेले होते.

ते आमच्या गावातलं. सोसायटीच्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात काचेचं कपाट, कपाटाला कुलूप, वर पाटी, ‘सार्वजनिक वाचनालय’. सोसायटीचा चेअरमन एक भाऊ, वाचनालयाचा सेक्रेटरी दुसरा भाऊ. दुसऱ्याला सगळे आण्णा म्हणायचे. आमचा वाडा गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही त्याला बौद्धवाडा म्हणत होतो, गाव जुन्याच नावानं हाक मारत होतं. खालच्या अंगाचं कुणी त्या कपाटातलं पुस्तक कधी हातात घेतलेलं नव्हतं. पेपर मात्र मिळायचा. दुसऱ्या दिवशी, शेंगदाणे बांधून आलेला.

बहात्तरचा दुष्काळ. मी नऊ वर्षांची. सगळा वाडा खडी फोडायला जायचा. आय फोडायची, मी खडीच्या पाट्या सारायची, दुपारी खायला सुकडी मिळायची. शाळा नावाला. विहिरींचा तळ दिसत होता. पाण्याचा टँकर यायचा तो आधी वरच्या आळीला, मग उरलं तर आमच्याकडं. कधी एक घागर, कधी नुसताच टँकरचा आवाज.

एक दिवस आण्णा कामावर आला. पांढरी टोपी नवी कोरी. मुकादमाशी काहीतरी बोलला आणि आमच्यातली पाच पोरं निवडली. वाचता येणारी.

“चला रं, वाचनालयात. गूळ-शेंगदाणं देतो,” तो म्हणाला.

आय हातोडा खाली न ठेवता म्हणाली, “गूळ कशापायी, आण्णा?”

“पोरांनी वाचावं म्हणून. तुमाला काय, चांगलं केलं तरी संशयच.”

“आजच का वाचावं?”

आण्णा हसला. मुकादम म्हणाला, जाऊ दे गं, हजेरी कापत न्हाय तिची. तेव्हा आय पुन्हा खडीकडं वळली. पण मी जाताना मागं वळून बघितलं तर ती हातोडा हातात धरून आमच्याकडंच बघत होती.

हॉलच्या दारात आण्णानं आम्हाला थांबवलं. “पायात असलं तर काढा. नसलं तर पाय झटका. नीट झटका.” आमच्यातल्या एकाच्या पायात काहीतरी होतं, ते त्यानं काढलं. बाकीच्यांनी पाय झटकले. आत वरच्या आळीची पोरं बाकावर बसलेली, सगळ्यांच्या पायात चपला. आम्हाला खाली सतरंजीवर बसवलं. मग आण्णानं कुलूप काढलं आणि एकेकाच्या पुढ्यात एकेक पुस्तक टाकलं. माझ्या पुढ्यात आलं ते कोंबडीपालनाचं.

मला काय, पुस्तक ते पुस्तक. उघडलं. पहिल्या पानावर लिहिलेलं की पिलं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्यांना ऊब लागते, ती मिळाली नाही तर ती एकमेकांवर चढतात आणि खालची पिलं गुदमरून मरतात. मी हे बोट ठेवून वाचत होते. एवढी गोडी लागली की बाहेर जीप थांबलेली कळली नाही. तपासणीचे साहेब आले होते. वाचनालय खरोखर चालतं का, मागासवर्गाची माणसं येतात का, हे बघायला वर्षातून एकदा यायचे. ते आम्हाला मागाहून समजलं.

साहेब माझ्यापाशी वाकले. “काय वाचतेस, बाळ?”

“कोंबड्या,” मी म्हणाले.

सगळे हसले. साहेबही हसले. चांगला माणूस असावा, माझ्या डोक्यावर हात ठेवायला लागला होता, पण आण्णाकडं बघून ठेवला नाही. मग आण्णानं वही आणली. “नावं लिवा. साहेबास्नी दाखवा अक्षर.” चौघांनी कशीबशी लिहिली. मी मात्र बापाच्या नावासकट पुरं लिहिलं, वळणदार, वर रेघ ओढून. लई अभिमान वाटला. साहेब म्हणाले, “वा, छान.” आणि आण्णाच्या घरी चहाला गेले.

जीप हलली तसा आण्णा परत आला. “पुस्तकं ठेवा. हातात न्हाय. खाली. खाली ठेवा आन् सरका.” मी चौथ्या ओळीवर होते. पिलांना ऊब कशी द्यायची ते पुढं असणार होतं. ठेवलं आणि सरकले. गुळाचा खडा वरून हातात पडला. आम्ही बाहेर आलो आणि मागं बादलीचा आवाज झाला.

फरशी धुतली. त्या साली. दोन बादल्या पाणी. सतरंजी काढली आणि आम्ही बसलो होतो तेवढी जागा खराट्यानं घासून धुतली. पाणी उंबऱ्यावरून पायरीवर आलं, पायरीवरून धुळीत. आय तोवर काम सोडून आली होती, तिला चैन पडलं नव्हतं. ती तिथं उभी राहून ते पाणी मातीत मुरताना बघत होती. त्या दिवशी आमच्याकडं टँकर आला नव्हता.

“आपल्या पायाला लई पानी लागतंय बग,” एवढंच म्हणाली. माझ्या हातातला गूळ घेतला आणि पायरीवर ठेवून दिला. मला रडू आलं, गुळासाठीच आलं, खोटं कशाला बोलू.

पुढं दर वर्षी नेलं. दर वर्षी वहीत नाव लिहिलं. आय दर वर्षी नको म्हणायची आणि मी जायची, कारण त्या दहा मिनिटांत कधी अर्धं पान, कधी पाऊण पान वाचून व्हायचं. कोंबड्यांचं पुस्तक पुन्हा वाट्याला आलं नाही. दारात पाय आपोआप झटकले जायचे. चपला आल्या तेव्हा त्या आपोआप निघायला लागल्या.

तर काठीवरच्या त्या चपला, त्या दारातून आलेल्या होत्या.

तीन नंबरची पाटी त्या वाचनकक्षाचीच. तिथून पुढं निघाले तेव्हा शिपाई माझ्या मागं होता. काठी कुठंतरी ठेवून आला होता. सोबत कुणी असणार नाही असं छापलं होतं, मला मात्र सोबत मिळाली. माझ्या पुढं एक गोरा मुलगा पत्रक घेऊन फिरत होता, काचेच्या कपाटावर कोपर टेकून उत्तरं लिहीत होता. त्याला शिपाई म्हणाला, “साहेब, जरा काच सांभाळून.” मला म्हणाला, “हात मागं घे.”

मी विचारलं, “माझ्या मागं का येता?”

“बघतोय. नाजूक वस्तू आहेत.”

“त्यांच्या मागं नाही गेलात.”

“तुला फिरायचंय की भांडायचंय?”

फिरायचं होतं. कार्ड पाहिजे होतं. पुढच्या बाणाकडं वळले. चौथी पाटी मासिकांची, पाचवी जाळीच्या दाराआडच्या पुस्तकांची. उत्तरं लिहीत गेले. अक्षर नेहमीसारखं वळणदार येत होतं आणि आज मला त्याचीच चीड येत होती. शिपायाचा श्वास मागं ऐकू येत होता. तोही कुठल्यातरी गावचाच असणार, त्याचाही बाप कुणाच्यातरी दारात वाकलेला असणार, हे मनात आलं. पण त्यानं माझा राग कमी झाला नाही.

सहावी पाटी पोथ्यांच्या खोलीची. दारावर लिहिलेलं, ‘कृपया पादत्राणे बाहेर काढावीत’. पुढचा मुलगा बुटाच्या नाड्या सोडत बसला. माझं काम झालेलंच होतं. मी पाय उचलला.

“तू थांब,” शिपाई म्हणाला.

“का?”

“पाय बघ तुझे.”

बघितले. सबंध ग्रंथालय अनवाणी फिरलेले पाय, तळवे काळे. सगळ्या इमारतीत जिथं अनवाणी जायचं अशी ती एकच खोली होती आणि तिथंच माझ्या अनवाणी पायांना बंदी. मला हसू आलं. मोठ्यांदा आलं असावं, कारण नाड्या सोडणाऱ्या मुलानं वर बघितलं. पत्रकातला प्रश्न होता, मधल्या पोथीची दोरी कोणत्या रंगाची? मी उंबऱ्याबाहेरून लिहिलं, लाल. उंबऱ्याबाहेर उभं राहून आतलं बघायची आमच्या डोळ्यांना सवय आहे.

सातवी पाटी देणगीदारांच्या तसबिरींची. पगड्या, मिशा, घड्याळाच्या साखळ्या. उत्तर चालता चालताच लिहिलं, थांबले नाही.

आठवी पाटी माळ्याखालच्या एका अंधाऱ्या दालनात होती. सरकारी अहवालांची कपाटं, जिल्ह्यानुसार लावलेली, उघडी. इथं हात लावायला परवानगी होती, कारण इथं कुणी येतच नसावं. पुस्तकांवर धूळ. पत्रकात लिहिलेलं: आपल्या जिल्ह्याविषयीची कोणतीही एक नोंद शोधा व खाली उतरवा. शिपाई दारात स्टूल ओढून बसला.

मी उस्मानाबादचं कपाट शोधलं. आय मरेपर्यंत धाराशिवच म्हणाली, पण कपाटावर उस्मानाबाद होतं. दुष्काळी कामांचे अहवाल, सहकारी सोसायट्यांचे अहवाल आणि त्यांच्या खाली एक पातळ पुस्तक, वाचनालयांच्या तपासणीचं. तालुके चाळत परंड्यापाशी आले. आमचं गाव होतं. छापलेलं आपल्या गावाचं नाव बघून आधी आनंदच झाला. एक-दोन ओळी वाचनालयाच्या जागेविषयी, कपाटाविषयी. मग ही ओळ: ‘मागासवर्गीय वाचकांची उपस्थिती समाधानकारक.’

साल तेच. बहात्तरचं.

मी स्टुलावरच्या शिपायाला विसरले. खाली बसले, पुस्तक मांडीवर. समाधानकारक. ती उपस्थिती मी होते. मी आणि चार पोरं, सतरंजीवर, दहा मिनिटं, गुळाच्या खड्यावर. दोन बादल्या पाणी यात नव्हतं. ‘हातात न्हाय, खाली ठेवा’ यात नव्हतं. पायरीवरून धुळीत गेलेलं पाणी बघत उभी राहिलेली माझी आय यात कुठंच नव्हती. आणि उद्या आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसेल तो माणूस इथं येणार, ही ओळ उतरवून घेणार, आणि लिहिणार की परंड्याकडच्या एका खेड्यात दुष्काळातसुद्धा दलितांची पोरं वाचनालयात बसून वाचत होती, केवढी ती जागृती. मी स्वतः इतिहास शिकायला आले होते. असल्याच ओळींवर विश्वास ठेवायला.

सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. आण्णानं खोटं केलं, साहेबानं लिहिलं, सरकारनं छापलं. पण सही माझी होती. बापाच्या नावासकट, वळणदार. नऊ वर्षांची होते तेव्हा एक खोटं लिहून दिलं आणि मघाशी तीन नंबरच्या पाटीपाशी दुसरं बोलले. दोन्ही वेळा मला कुणी मारलं नव्हतं. मारायची गरजच पडली नव्हती. मी आधीच पाय झटकून तयार होते.

पत्रकावर ती ओळ जशीच्या तशी उतरवली. तिच्याखाली लिहिलं: ‘ही नोंद खोटी आहे. या उपस्थितीत मी होते. आम्हाला आणून बसवलं होतं. आम्ही गेल्यावर फरशी धुतली.’ जागा संपली म्हणून थांबले. खाली पूर्ण नाव लिहिलं.

उठले आणि मागच्या जिन्यानं निघाले. शिपाई म्हणाला, “बाण इकडं आहे.” मी म्हणाले, “माहीत आहे.” मागच्या अंगणात कचऱ्याचा डबा होता. चहाचा चोथा, फाटके कागद आणि त्यावर माझ्या चपला. एक सरळ, एक उलटी. काढल्या. चोथा झटकला. धुवाव्यात असं वाटलं, बाजूला नळही होता. नाही धुतल्या. घातल्या आणि इमारतीला वळसा घालून पुढं आले, कमानीखालून, मेन दारातून.

टायरच्या तळाचा आवाज फार होतो. दगडी फरशीवर तर विचारू नका. वाचनकक्षातून जाताना माना पुन्हा वर झाल्या. या वेळी मी पाय उचलून टाकत होते, आवाज कमी व्हावा म्हणून नव्हे.

शिपाई काउंटरपाशी आधीच पोचला होता. “आता कशा तुझ्या झाल्या?”

“माझ्याच होत्या,” मी म्हणाले, जरा मोठ्यानं, मागच्यांना ऐकू जाईल असं. “मघाशी खोटं बोलले. माझ्या आयनं घेऊन दिलेल्या आहेत.”

बाईंनी पत्रक घेतलं. एक, दोन, तीन, चार, बरोबरच्या खुणा करत आल्या. आठव्यापाशी पेन्सिल थांबली. दोनदा वाचलं. चष्मा काढला.

“हे काय लिहिलंयस?”

“नोंद.”

“नोंद वरची. खालचं काय?”

“खालची पण नोंदच आहे.”

“हे बघ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, आणि तो आवाज खरंच मायेचा होता का, हे आजही मला नीट ठरवता येत नाही. “हे कागद वर जातात. तुझंच नाव जाईल. कशाला? मी खालचं खोडते, कार्ड देते, विषय संपला. हुशार दिसतेस. अक्षर किती छान आहे.”

अक्षर छान. साहेबही हेच म्हणाले होते.

मी त्यांचं तोंड बघितलं नाही. हात बघितला. लाल पेन्सिल कागदाला टेकत होती. मी तळहात पत्रकावर ठेवला. थेट, पसरून. आणि विद्यापीठात आल्यापासून जी भाषा जपून बोलत होते ती एका क्षणात गेली.

“माजा कागद हाय. तुमी खोडायचं न्हाय.”

“हात काढ.”

“न्हाय काढणार. खोटं हाय ते छापल्यालं. म्या व्हते तिथं.”

“इथं असं कुणी लिहीत नाही.”

“म्हनून तर तसं छापलंय.”

शिपाई पुढं सरकला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं. बाई म्हणाल्या, आता मायेनं नाही, “मग कार्ड मिळणार नाही. पत्रक अपूर्ण धरावं लागेल.”

कार्ड. त्याच्यासाठी तर आले होते. दोन नंबरच्या पाटीपाशी खणातली पुस्तकसूचीची कार्डं चाळताना मी कोंबडीपालनाचं पुस्तक शोधलं होतं, सापडलंही होतं, त्याचा नंबर तळहातावर लिहून घेतला होता. पहिलं तेच काढायचं ठरवलं होतं. तो तळहात आता पत्रकावर होता, नंबर खालच्या बाजूला. खोड म्हटलं असतं की कार्ड हातात. सबंध वर्ष डोळ्यांपुढून गेलं, आणि वाड्याच्या तोंडाशी उभी राहून माझी वाट बघणारी आय.

“नका देऊ कार्ड,” मी म्हणाले. “पण कागद ठेवून घ्या. आजची तारीख टाका आन् शिक्का मारा. अपूर्ण तर अपूर्ण. पर फाडायचं न्हाय.”

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. मग लाल पेन्सिलीनं वर लिहिलं, ‘अपूर्ण’. तारीख टाकली. शिक्का मारला. मी हात तेव्हा काढला. नंबर घामानं फिसकटून गेला होता.

कार्ड पुढं मिळालं की नाही, ते सांगत नाही. मिळालं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, झालं ना शेवटी चांगलं. नाही म्हटलं तर हळहळाल आणि पान उलटाल. मला दोन्ही नको आहे.

बसून वाचायला कार्ड लागत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी मी आठ नंबरच्या दालनात परत गेले, एक जाड वही घेऊन. दुष्काळी कामांचा अहवाल काढला. तिथंही ओळी होत्या: मजुरांना पाण्याची सोय पुरेशी, अन्नवाटप सर्वांना समान. एकेक उतरवून घ्यायला लागले. डाव्या पानावर छापलेलं. उजवं पान कोरं.

तेव्हाच ठरवलं. मी रोज इथं येणार, चपला घालून, मेन दारातून. वाचणार सगळं, पण विश्वास ठेवून एक ओळही नाही. सुट्टीत वही घेऊन गावी जाणार आणि आयपुढं बसून एकेक ओळ वाचून दाखवणार. तिला अक्षर येत नाही. ती तिथं होती. ती व्हय म्हणाली तर व्हय. न्हाय म्हणाली, तर उजव्या पानावर तिचं न्हाय लिहिणार, तिच्या नावासकट, आणि ते कुणाच्या बापाला खोडू देणार नाही.